पेशंटला पाणी लावू नका

नागपुरात बाईला चक्कर आली तर 'काय होतंय' असं तिला कुणी विचारत नाही. आधी तिच्या डोक्यावर पाणी पडतं, मग तिला कांदा हुंगायला देतात, आणि मग आजूबाजूचे लोक एकमेकांना सांगतात की ऊन लागलं. ज्या गावात मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, त्या गावाला हे शहाणपण शोभतं. माझी तक्रार एवढीच आहे की या शहाणपणानं माझी सव्वीस वर्षं खाल्ली.

पहिल्यांदा झालं ते लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात. मी भिवापूरची. आमच्याकडे मिरची वाळत पडलेली असते आणि तिच्या ढिगात बसून बायका देठं खुडत असतात. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलीला नागपूरचं ऊन काय लागणार, असं माझं तेव्हाही म्हणणं होतं, पण ते ऐकायला कुणी रिकामं नव्हतं. मी गच्चीवर कुरोड्या घालत होते. पातेलं उचलायला वाकले आणि छातीत सुरू झालं. हळूहळू वाढत गेलं असं नाही. आत्ता काही नव्हतं आणि आत्ता गळ्याची शीर टणाटणा उडत होती, कानात धडधड, हातापायांतलं बळ गेलेलं. मी मटकन खाली बसले. सासूबाईंनी जिन्यातून हाळी दिली, "धाव गा लवकर, हिले ऊन लागलं."

आमचे हे तेव्हा दुकानातून जेवायला आले होते. यांनी गळ्यातला दुपट्टा माठात बुडवला, धावत वर आले आणि तो पाणी निथळता गार दुपट्टा माझ्या तोंडावर कपाळापासून हनुवटीपर्यंत दाबून धरला. नव्या नवरीच्या तोंडाला असा हात लावायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी, सगळ्यांदेखत. गारव्यानं माझा श्वासच अडकला, आणि त्याच क्षणी छातीतलं ते सगळं थांबलं. तेही हळूहळू नाही, एका झटक्यात. सासूबाई म्हणाल्या, "पाय, उतरलं न." झालं. इलाज लागू पडला म्हणजे आजारही तोच असणार, यावर घरात कुणाला शंका उरली नाही.

पुढे पौषातही झालं. मी स्वेटर घालून, शाल पांघरून वह्या तपासत बसले होते. मी सासूबाईंना विचारलं, आता कुठलं ऊन? त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यातलं अंगात मुरते वं, मंग हिवाळ्यात निंगते." मी म्हटलं, लोणचं आहे का ते? त्यांना काही हसू आलं नाही. यांनी मात्र तोंड फिरवलं, म्हणजे यांना आलं होतं.

वर्षातून पाच-सहा वेळा असं व्हायचं आणि हळूहळू हे या विषयातले तज्ज्ञ झाले. यांचं कूलर आणि पंखे दुरुस्त करायचं दुकान आहे. होळी झाली की गावातले सगळे कूलर एकाच आठवड्यात बिघडतात आणि यांना जेवायला उसंत मिळत नाही, पण माझा निरोप गेला की मोटर उघडी टाकून हे घरी यायचे. आल्यावर माझं मनगट धरायचं, छताकडे बघायचं, "फास्ट आहे" म्हणायचं, आणि मग दुपट्टा. थांबलं की पुन्हा मनगट. "आली लाइनवर." एवढं बोलून हे परत दुकानात. काटोलला एका लग्नात ऐन पंगतीत सुरू झालं तेव्हा जवळ पाणी दिसेना, तर या माणसानं दुपट्टा सरळ मठ्ठ्याच्या पिंपात बुडवला. मी नव्या साडीत, तोंडावर मठ्ठा, कपाळावर कोथिंबीर. थांबलं मात्र. यजमान आजही आम्हाला लग्नाला बोलावतात ते फक्त चांगुलपणापायी.

खरं सांगायचं तर मला हे सगळं आवडायचं. कमी बोलणारा माणूस आहे. वाढदिवस लक्षात नाही, कौतुक नाही, पण त्या दोन मिनिटांत यांचं सगळं लक्ष माझ्यावर असायचं. काही काही वेळा थांबून गेल्यावरही मी दुपट्टा काढू नका म्हणायचे.

डॉक्टर करून झाले नाहीत असं नाही. पण दवाखान्यात पोहोचेपर्यंत माझं हृदय सोज्वळ होऊन बसलेलं असायचं. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली की ती अगदी नीट. एका डॉक्टरांनी गॅस सांगितला, दुसऱ्यांनी टेन्शन. तिसऱ्यांनी खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून विचारलं, "घरी सासूबाईंशी पटतं ना?" सासूबाई बाहेर बाकावर माझी पर्स पोटाशी धरून बसल्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सला 'माझ्या सुनेले कधी पाहाल' म्हणून विचारत होत्या. मी त्या डॉक्टरांना म्हटलं, त्यांच्याशी पटतं, तुमच्याशी पटेलसं वाटत नाही. बाहेर आल्यावर यांनी कपाळाला हात लावला. सासूबाई आता नाहीत, पण त्यांना हे कळलं असतं तर त्यांनी आत जाऊन त्या डॉक्टरांना उभं-आडवं केलं असतं.

चाळिशीत मी स्कूटी शिकले. मी कळमेश्वरच्या शाळेत मराठी शिकवते. आधी बसनं जायचे, मग स्कूटीनं जायला लागले. घरात मी बायको आणि आई, शाळेत बाई, आणि मधला तो पाऊण तास मी कुणाचीच कुणी नसायचे. हेल्मेटमध्ये मोठमोठ्यानं गायचे. मुख्याध्यापकांना जे बोलता येत नाही ते तिथे बोलून घ्यायचे. माझ्या नावावर जगात काय आहे असं कुणी विचारलं असतं तर मी तो पाऊण तास सांगितला असता.

मागच्या ऑक्टोबरात फेटरीच्या पुढे स्कूटीवर असतानाच सुरू झालं. आजवर मी अशा वेळी नेहमी कुणाच्या तरी जवळ होते. या वेळी नुसतं धडधडलं नाही, डोळ्यांपुढे काळं आलं. बाजूला घ्यावी एवढं सुचलं, पण नीट घेता आली नाही. गाडी एकीकडे, मी गवतात. एक ट्रक हॉर्न वाजवत इतक्या जवळून गेला की त्याच्या वाऱ्यानं माझी ओढणी उडाली. रसवंतीवाली बाई धावत आली, 'ऊन लागलं बाईले' म्हणाली आणि तिनं बर्फाच्या पाण्याचं भांडं माझ्या तोंडावर रिकामं केलं. थांबलं. कोपराला चार टाके पडले.

यांनी घरी येऊन टाके पाहिले, स्कूटीची वाकलेली फूटरेस्ट सरळ केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली जागेवर नव्हती. मी रागावले की माझी पुस्तकी भाषा सुटते. "किल्ली कुठं हाय?"

"दुकानात."

"काहून?"

"बसनं जात जा वं," हे चहाच्या कपाकडे बघत म्हणाले. "मी तिथं कुठं येऊ दुपट्टा घेऊन?"

मी बसनं जायला लागले. काटोलची बस, संत्र्यांच्या टोपल्या, आणि टोपल्यांच्या मालकांच्या मधोमध उभी मी. बस चुकली की पहिला तास गेला. पण त्याहून जास्त मला हे खुपत होतं की पन्नाशीत मला कुणाच्या तरी नजरेसमोर ठेवलं जात होतं. मला माझी गाडी परत हवी होती. त्यासाठी छातीत होतं ते काय आहे हे कुणीतरी एकदा सांगायला हवं होतं, आणि ते ऊन नाही एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

शाळेतल्या एका मैत्रिणीनं एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. हृदयाच्या ठोक्यांचंच शिकून आलेल्या, वयानं माझ्या मुलीपेक्षा दहा-बारा वर्षांनीच मोठ्या. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "सुरू कसं होतं? हळूहळू, की एकदम?"

"एकदम."

"आणि थांबतं?"

"एकदम. बटण बंद केल्यासारखं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मला तिथेच रडायला आलं आणि मी त्याचा दोष पंख्याच्या वाऱ्याला दिला.

मग त्यांनी समजावून सांगितलं. हृदयात ठोक्याची वीज जायची एक वाट असते. काही जणांना जन्मतःच एक जास्तीची वाट असते. एरवी तिचा उपद्रव नाही, पण कधीतरी वीज त्या वाटेनं उलटी फिरते आणि गोल गोल फिरतच राहते. हे इतका वेळ खुर्चीच्या टोकावर बसले होते, ते एकदम पुढे सरकले. "म्हणजे शॉर्ट होऊन राहिलं."

"तसंच समजा, काका. तुम्ही इलेक्ट्रिकचं काम करता?"

"कूलरचं." मग जरा थांबून, "पण पाण्यानं थांबते न. मंग पाण्यानं कसं काय थांबते?"

त्यावर त्या हसल्या. चेहऱ्यावर एकदम गार पाणी आलं आणि श्वास अडकला की शरीर हृदयाला ब्रेक लावतं, त्या ब्रेकनं ते गोल फिरणं तुटतं, असं त्यांनी सांगितलं. "तुम्ही सव्वीस वर्षं बरोबर इलाज करताय. फक्त ते ऊन नाही."

पण हा सगळा त्यांचा अंदाज होता. पुढचं काही करायचं तर ते चालू असताना कागदावर यायला हवं होतं. एक दिवस छातीला मशीन बांधून पाहिली, तर त्या दिवशी हृदय तपासणीसाच्या समोरच्या वर्गासारखं वागलं. शेवटी त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी पाणी लावू नका. चालू असतानाच घेऊन या. शुद्ध हरपली, छातीत दुखलं तर मात्र हट्ट करू नका, जो दवाखाना जवळ असेल तिथे जा. पण बाकी काही करू नका."

परत येताना हे म्हणाले, "मीच थांबवत गेलो. म्हणून तुह्या डॉक्टरायले सापडलं नाही." मी म्हटलं, असं काय बोलता, तुम्ही थांबवलं म्हणून तर मी आज आहे. ते खरंच होतं. पण यांचा चेहरा उतरला तो उतरलाच. सव्वीस वर्षं जे मनापासून केलं तेच आड आलं, असं एखाद्याला कळल्यावर त्याची समजूत कशी काढायची ते मला येत नव्हतं.

मार्चमध्ये एका रविवारी मेथी निवडताना सुरू झालं. मी नुसती मान हलवली. यांचा हात सवयीनं गळ्यातल्या दुपट्ट्याकडे गेला, तिथून मागे आला, आणि हे रिक्षा आणायला पळाले. रिक्षात यांनी माझं मनगट धरलं होतं आणि दर चौकात "आहे न? आहे न?" विचारत होते. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं ते टिकावं म्हणून देवाला हात जोडत होतो. दवाखान्याच्या दारात मला बाकावर बसवून हे केसपेपर काढायला गेले. तेवढ्यात दारावरच्या गार्डबाईंनी मला पाहिलं. घाम, लाल तोंड, डोळे मिटलेले. तिला काय ते लगेच कळलं. मी "नको, नको" म्हणायला तोंड उघडलं तोवर तिनं थंडगार बाटली माझ्या चेहऱ्यावर ओतली होती.

हे केसपेपर घेऊन धावत आले तेव्हा मी ठणठणीत बरी होऊन बाकावर बसले होते, केसांतून पाणी गळत होतं. गार्डबाई खुशीत होत्या. "पाहा भाऊ, उतरलं. ऊन लागलं होतं मॅडमले." बरं वाटल्याचा इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. मी तिला चार शब्द सुनावणार होते, पण यांनी तिला दोन्ही हात जोडून "उपकार झाले ताई" म्हटलं. पट्टी काढली. अगदी नीट आली.

त्या संध्याकाळी यांनी दुकानातून कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा आणला आणि जाड मार्करनं त्यावर लिहिलं: पेशंटला पाणी लावू नका. डॉक्टरांनी सांगितलं आहे. पुठ्ठ्याला दोन भोकं पाडून सुतळी ओवली. मी विचारलं, हे मी गळ्यात घालायचं? हे म्हणाले, "घालशील न. नागपूर हाय हे. तुले कोणी सोडणार नाही."

मे महिन्यात एक दिवस चार वाजता सुरू झालं, आणि या वेळी जोराचं. रिक्षा मिळेना. हे मला आपल्या मोटरसायकलवर मागे बसवायला तयार नव्हते, तोल गेला तर काय, म्हणून शेजाऱ्यांचा छोटा टेम्पो मागितला. चालवायला हे, शेजारच्या सीटवर मी, गळ्यात पुठ्ठा. चौकातल्या सिग्नलला उन्हापासून आडोसा म्हणून वर हिरवी जाळी बांधतात, तिच्या सावलीत सगळी गर्दी चिकटून उभी होती. शेजारच्या स्कूटरवरच्या एका बाईनं मला पाहिलं, मग पुठ्ठा वाचला, मग पुन्हा मला पाहिलं.

"काय माणूस आहे हा," ती यांना म्हणाली. "बाई मरून राहिली आणि पाणी देऊ नका? घ्या हो ताई, माझ्याजवळ गार आहे." तिनं बाटली काढली. पलीकडून एक काका म्हणाले, "कौन डॉक्टर ऐसा बोलता है?" कुणीतरी नवऱ्याला पोलिसात द्या म्हणालं. हे कधी कुणाला नाही म्हणू शकत नाहीत. गिऱ्हाईक जुन्या मोटरच्या बदल्यात नवी फुकट मागतं तरी यांच्या तोंडून 'बघू' निघतं. तो माणूस माझ्या पुढून खिडकीवर आडवा हात धरून, मान खाली घालून म्हणत होता, "नाही. नाही लावायचं. नाही ताई, माफ करा." सिग्नल सुटेपर्यंत सगळ्या चौकाचं बोलणं यांनी खाल्लं. माझी छाती फुटायला आली होती आणि मला त्या वेळी एकच वाटत होतं, की या माणसाशी लग्न झालं ते फार चांगलं झालं.

दवाखान्यात पट्टी काढायला झोपवलं तर घामानं छातीवरचे रबरी गोळे चिकटेनात. सिस्टरनं एकदा पुसलं, दोनदा पुसलं. आता पाऊण तास होत आला होता. माझे ओठ थंड पडले होते. कोपऱ्यात हे उभे होते आणि त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली होती, हे मला माहीत होतं, कारण ती कायमच असते. मी यांच्याकडे पाहिलं आणि तोंडून निघून गेलं, "अहो, लावा आता. जाऊ द्या तो कागद." मी हरले होते. यांचा हात पिशवीत गेला. चेहरा असा झाला होता की बघवेना. पण हात तसाच रिकामा बाहेर आला. "थोडंसं थांब वं," हे म्हणाले. "तुले गाडी पायजे न?"

आणि मशीन चालू झाली.

डॉक्टरीणबाई आल्या, कागद हातात धरला, आणि म्हणाल्या, "मिळालं." मिनिटाला एकशे चौऱ्याण्णव ठोके. सगळ्या रेघा एकमेकींना खेटून, जागाच नाही. त्यांनी सिस्टरला इंजेक्शन भरायला सांगितलं, मग थांबल्या आणि यांच्याकडे वळल्या. "नाही तरी पहिला इलाज हाच असतो. काका, तुमचं पाणी करा आता. मशीन चालू ठेवते मी."

यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा पिशवीतली बाटली काढली. बाटलीतलं पाणी तोवर कोमट झालं होतं, म्हणून सिस्टरनं फ्रिजमधलं दिलं. यांनी दुपट्टा भिजवला आणि सव्वीस वर्षं धरत आले तसाच कपाळापासून हनुवटीपर्यंत धरला. अंधारात मला यांच्या हातांचा दाब तेवढा कळत होता. श्वास अडकला. आणि थांबलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदाची लांब पट्टी फाडून यांच्यासमोर धरली. खेटलेल्या रेघा, मग एक मोकळी जागा, आणि पुढे सावकाश, सुटे सुटे ठोके. मोकळ्या जागेवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हे तुमचं पाणी." यांनी ते बराच वेळ पाहिलं. मग ओल्या दुपट्ट्यानंच डोळे पुसले.

त्यानंतरचं भांडण आम्ही घरी येऊन केलं. रोज गोळ्या घेऊन दबवता येत होतं, किंवा मांडीतल्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेऊन ती जास्तीची वाट जाळून टाकता येत होती. यांनी दवाखान्यातच विचारून घेतलं होतं, "मेन लाइन बाजूलेच असन न? ते जळली तं?" आणि डॉक्टरीणबाईंनी खरं ते सांगितलं होतं, की तसं क्वचित होऊ शकतं, आणि झालं तर ठोक्यांसाठी कायमची मशीन बसवावी लागते. तेव्हापासून हे 'नको' वर अडले होते. मी म्हटलं, गोळ्या खाऊनही कधीतरी येणारच, म्हणजे गाडी नाहीच. हे म्हणाले, "मी हावो न. कायले चिरफाड?"

"तुम्ही फेटरीला नव्हता," मी म्हटलं.

बोलायला नको होतं, पण ते खरं होतं. हे उठून बाहेर गेले, अंगणातल्या कूलरचं गवत उगाच काढून पुन्हा बसवलं, आणि आत येऊन म्हणाले, "कागद आण. कुठं सही करायची?"

ते काम पूर्ण झोपवून करत नाहीत, हे मला तिथे गेल्यावर नीट कळलं. मी टेबलावर, पडद्यावर माझ्याच हृदयाच्या रेघा, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता आम्ही मुद्दाम सुरू करणार, म्हणजे वाट कुठली ते दिसेल." सुरू झालं तेव्हा मी सवयीनं दाराकडे पाहिलं. हे दाराबाहेर होते. त्यांना आत सोडत नाहीत. फेटरीसारखंच पुन्हा ते माझ्या छातीत चालू होतं आणि यांचा हात नव्हता. मला फार भीती वाटली आणि मी ती कुणालाही सांगितली नाही. थोड्या वेळानं छातीत आत कुठेतरी जळजळलं. मग त्यांनी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला. झालं नाही. पुन्हा केला, आणखी एकदा केला. नाहीच झालं. "गेली ती वाट," त्या म्हणाल्या. "आणि तुमची मेन लाइन शाबूत आहे, बाहेर काकांना सांगून येते."

पाय सरळ ठेवून कितीतरी तास पडायचं होतं. हे शेजारी स्टुलावर बसले, माझं मनगट धरलं आणि छताकडे बघत राहिले. मी म्हटलं, आता कशाला, बरं झालं ना? हे म्हणाले, "असंच." रात्रीचं जेवण येईपर्यंत सोडलं नाही.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. डॉक्टरीणबाईंनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. मी साडी नेसून बाहेर आले तर स्कूटी पुसलेली, हवा भरलेली, तोंड रस्त्याकडे करून उभी होती. हे म्हणाले की आज दुकानात लवकर जायचं आहे, आणि माझ्या आधीच निघून गेले. मला जरा वाईट वाटलं. इतक्या महिन्यांनी निघते आहे, निदान दारात तरी उभं राहावं माणसानं.

फेटरी गेली. गवतातली ती जागा ओळखू आली नाही. मी हेल्मेटमध्ये गायला सुरुवात केली होती, तेवढ्यात आरशात मागे बऱ्याच अंतरावर एक जुनी मोटरसायकल दिसली. चालवणाऱ्यानं डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला दुपट्टा गुंडाळला होता. आमच्याकडे उन्हात अर्धं गाव असंच हिंडतं, त्यामुळे मी ओळखणार नाही असं त्याला वाटलं असावं. मागच्या कॅरिअरला कूलरची एक मोटर बांधली होती, कुणी विचारलंच तर कळमेश्वरचं गिऱ्हाईक आहे म्हणून सांगायला.

एरवी मी गाडी थांबवली असती आणि भर रस्त्यात दोन शब्द सुनावले असते. नजरेखाली राहायचं नाही म्हणून तर मी हृदयात तारा घालून घेतल्या होत्या. पण ती मोटरसायकल चाळीसच्या वर पळत नाही, हे मला माहीत आहे. मी वळून पाहिलं नाही. वेग पस्तीसवर आणला, आणि शाळेत दहा मिनिटं उशिरा पोहोचले.